कॅमेऱ्यात बघू नका

भाऊंवरचा माझा राग अजून गेलेला नाही. माणूस गेला, पण त्यांची मोडकी खुर्ची मी भंगारवाल्याला दिली नाही, म्हणून ती दाराशी तशीच आहे. येणारा-जाणारा तिला अडखळतो, आणि रोज सकाळी गाळा उघडला की पहिली नजर तिच्यावर जाते आणि माझं डोकं फिरतं. घरचे म्हणतात, गेलेल्या माणसावर काय रागवायचं? अरे, मग कधी रागवायचं? जिवंतपणी त्यांच्यावर रागवायची सोयच नव्हती. मी तोंड सोडलं की ते म्हणायचे, "होय गो बाय, तुझाच बरोबर आसा," आणि पुन्हा आपलं तेच करायचे.

भाऊ लग्नाचं शूटिंग करायचे. कांजूरमार्गच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वरच्या मजल्यावर आमचा गाळा, त्याला आम्ही स्टुडिओ म्हणायचो. वारा फिरला की कचऱ्याच्या डम्पिंगचा वास यायचा, मग खिडकी लावून पंखा सोडायचा. भाऊ शूट करून आणायचे आणि मी कॉम्प्युटरवर बसून ते कापायचे, जोडायचे, गाणी लावायचे. मोठं लग्न असलं की मीही दुसरा कॅमेरा घेऊन जायचे, कारण नवरीच्या खोलीत त्यांना शिरता येत नसे. मूळचे ते मालवणकडचे. वडील गिरणीत होते. हे स्वतः भांडुपला टेकडीवरच्या चाळीत जन्मले, लग्न केलं नाही, आणि विधवा मोठ्या बहिणीबरोबर, म्हणजे आक्कांबरोबर, त्याच खोलीत राहिले. गिऱ्हाइकांशी ते मुंबईचं मराठी बोलायचे, माझ्याशी मालवणी, आणि तापले की हिंदी.

त्यांचा एक नियम होता आणि त्या नियमाने माझं अर्धं आयुष्य खाल्लं. शूट केलेलं सगळं आधी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचं. पळवायचं नाही, मधे उठायचं नाही. हल्ली लोकांना मोबाइलवर टाकायला छोटं रील हवं असतं, अख्खं लग्न कोणी बघत नाही. तरी भाऊ हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं बघणार आणि मला शेजारी बसवणार. पडद्यावर काय, तर कोणाची तरी काकी पडलेलं कानातलं शोधतेय, केटररची माणसं भांडतायत.

"भाऊ, यात काय बघायचंय? पळवू ना जरा."

"आधी बघूचा, मगे कापूचा. जा बघूक होया, ता नेमक्या पळवलेल्यात आसता."

आणि चीड आणणारी गोष्ट म्हणजे त्यांचं खरं निघायचं. एका लग्नात नवरीचा बाप दिवसभर कडक चेहरा करून उभा होता, हसला नाही की रडला नाही. पाठवणीनंतरच्या नुसत्या खुर्च्या आवरण्याच्या शूटिंगमध्ये तो मागे ताटांच्या ढिगाजवळ उभा राहून रुमाल तोंडात धरून रडताना सापडला. नवरीने तो शॉट बघितला आणि इथे स्टुडिओत माझ्या गळ्यात पडली. भाऊ चहा सांगायला म्हणून जिन्यात निघून गेले. 

लग्नात त्यांची आरोळी ठरलेली. "कॅमेऱ्यात बघू नका! मी इथे नाहीच असं समजा!" नवरा-नवरी स्टेजवर पोज देऊन उभे राहिले की ते कॅमेरा खाली करायचे आणि कंटाळून लोक आपसांत बोलायला लागले की पुन्हा उचलायचे. "कॅमेऱ्यात बघणारो माणूस खोटो दिसता," म्हणायचे. स्वतः तर ते फ्रेममध्ये कधी आलेच नाहीत. आरशासमोरचा शॉट असला तरी कोपर नाहीतर पाठच दिसणार. दसऱ्याला स्टुडिओत कॅमेऱ्यांची पूजा व्हायची, हार घालायचो, पेढे वाटायचो. मी मोबाइल बाहेर काढेपर्यंत हे जिन्यात पळालेले. मी म्हणायचे, "काय भाऊ, लाजता का नव्या नवरीसारखे?" तर नुसते हसायचे.

पण एक काम ते कोणी न सांगता करायचे. हॉलमधल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा एक लांब शॉट घ्यायचे. कोपऱ्यात बसलेली आजी, पंख्याखालची खुर्ची पकडून पेंगणारे आजोबा. ज्यांना कोणी स्टेजवर बोलवत नाही, त्यांचे. मला पहिल्यांदा कळलंच नव्हतं हे कशासाठी. मग हळूहळू लोक यायला लागलेले दिसले. आमच्या धंद्यात हे असतंच. घरात माणूस जातं, हार घालायला फोटो शोधतात आणि धड एक सापडत नाही. मग लग्नाची आठवण होते. "ताई, आमची मावशी गेली हो. त्या लग्नात होती ती, बघा ना एखादा चांगला निघतो का." मग मी जुनी हार्डडिस्क काढून तो शॉट शोधायचे, त्यातला एक क्षण थांबवायचे, साफ करायचे आणि फ्रेम करून द्यायचे. कुठला क्षण घ्यायचा ते भाऊ ठरवायचे. डोळे उघडे हवेत, तोंडात घास नको, आणि माणूस कॅमेऱ्यात बघत नको. कितीतरी घरांत भिंतीवरची म्हातारी माणसं भाऊंनी लावलेली आहेत.

त्यांचं पोट हा विषय मात्र मला फार उशिरा कळला. डबा बघून कळायला हवं होतं असं आता कोणी म्हणेल. डब्यात मऊ भात, उकडलेला दुधी, थर्मासमध्ये पेज. रोज तेच. मला वाटायचं, एकटा माणूस, आक्का म्हाताऱ्या, करतात ते खातो. अंगावर मांस नव्हतं, पट्ट्याला खिळ्याने नवीन भोकं पाडलेली असायची. हॉलवर पोचलं की पहिल्यांदा ते मागच्या बाजूला गायब व्हायचे. मी समजायचे, लाइटचा मेन स्विच बघायला जातात. पुढे कळलं, संडास कुठे आहे ते बघायला जायचे. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतचे सगळे हॉल त्यांना तसेच लक्षात होते. "तो हॉल? लाइटची बोंब, पण संडास झकास. घे ऑर्डर."

आणि लग्नात ते जेवायचे नाहीत. कितीही आग्रह करा, "झालं माझं" म्हणून सुटायचे. यावरूनच माझ्या मामेबहिणीच्या लग्नात तमाशा झाला.

लग्न विक्रोळीला होतं. आम्ही बौद्ध, मामा जालन्याकडून येऊन इथे नोकरीत स्थिरावलेले, बोलायला फटकळ. बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, पंगत बसली. मामा स्वतः भाऊंना बोलवायला आले. भाऊ म्हणाले, "झालं माझं."

"झालं म्हणजे?" मामा तिथेच थांबले. "सकाळपासून तुम्ही आमच्याबरोबर आहात. कुठे झालं? आमच्या घरचं चालत नसेल तर तसं तोंडावर सांगा. आम्हाला काय, सवय आहे."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एकीकडे मामा, एकीकडे भाऊ, आणि खरं सांगते, त्या क्षणी माझ्याही मनात आलं, की खरंच तसं असेल का? भाऊंनी कॅमेरा बंद केला आणि मग माझ्या हातात दिला. हात धुतले आणि मामांच्या शेजारी पानावर बसले. पुरी, तर्रीची वांग्याची भाजी, मसालेभात, बुंदी, सगळं खाल्लं. भाजी पुन्हा मागितली. मामा इतके खूश झाले की त्यांनी स्वतः वाढलं आणि जाताना भाऊंचा हात दोन्ही हातांत धरला.

त्यानंतर दोन-तीन दिवस भाऊ स्टुडिओत आलेच नाहीत. फोन उचलेनात. मी चाळीत गेले तर ते चटईवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेले, तोंड पांढरं. आक्का माझ्यावरच धावून आल्या. "काय खावक घातल्यात तेका? तेचा पोट तुमका म्हायत नाय?"

मला खरंच माहीत नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा कळलं की हे वर्षानुवर्षं चाललंय. दुखणं, जुलाब, ताप, पुन्हा बरं, पुन्हा दुखणं. मी भडकले. "भाऊ, मामांना सांगायचं ना सरळ, आजारी आहे म्हणून! मी सांगितलं असतं!"

ते भिंतीकडे तोंड करून बोलले. "इतकी वर्सां आमच्या माणसांनी खोटी कारणां सांगून तुमच्याकडचा पाणी टाळल्यानी. आता माझा खरा कारण कोण मानतलो?"

मला तिथेच रडू फुटलं. आक्कांनी मला पाणी दिलं. मामांना मी हे सांगितलं तेव्हा ते शहाळी घेऊन स्वतः भांडुपची टेकडी चढून गेले.

तर आजार. आधी भाऊंना आतड्याचा टीबी म्हणून औषधं दिली होती. आपल्याकडे आतड्याला सूज दिसली की डॉक्टरांना पहिला संशय टीबीचाच येतो, आणि बऱ्याचदा तो खराही असतो. भाऊंनी महिनोन् महिने गोळ्या खाल्ल्या, चाळीत लोक त्यांच्यापासून लांब बसायला लागले, आणि फरक काही पडला नाही. मग तोंडातून दुर्बीण घातली, खालून घातली, दोन्ही रिपोर्ट चांगले आले. चाळीतले डॉक्टर म्हणाले, मनाचं आहे, एकटे राहता, विचार करता. आक्कांनाही ते पटलं होतं. भाऊंना सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर ते हेच. "रिपोर्ट चांगलो. मगे दुखता ता काय?" असं ते माझ्याकडे बघून विचारायचे, जसं काही मीच रिपोर्ट लिहिला होता.

मुलुंडच्या एका हॉस्पिटलात आतड्याच्या डॉक्टरबाई होत्या. त्यांच्याकडे मी भाऊंना ओढत नेलं. बाई शांत होत्या, भाऊंचं सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, हा क्रोन्स नावाचा आजार असू शकतो. शरीर आपल्याच आतड्याशी भांडतं, जागोजागी जखमा होतात, आणि वरून-खालून घातलेल्या दुर्बिणी मधल्या लांबलचक आतड्यापर्यंत पोचतच नाहीत. तिथे जायला एक गोळी असते. तिच्यात कॅमेरा असतो. गिळायची, ती आपोआप आतून पुढे सरकत फोटो काढत जाते, कंबरेला लावलेल्या मशीनमध्ये सगळं रेकॉर्ड होतं, आणि मग ती शौचावाटे पडून जाते.

भाऊ खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे आतलं शूटिंग?"

"तसंच समजा. पण थांबवता येत नाही, मागे नेता येत नाही, आणि तपासायला तुकडा काढता येत नाही. नुसतं बघता येतं."

"बघितलं की झालं," भाऊ म्हणाले.

"नाही हो झालं," बाई म्हणाल्या. "नीट ऐका. या आजारात आतडं काही ठिकाणी आकसतं. आकसलेल्या जागी गोळी अडकली तर ती आपली आपण बाहेर येईलच असं नाही. मग कधी कधी पोट उघडावं लागतं. तुमच्या अंगात ताकद नाही, आत्ता घाईचं ऑपरेशन तुम्हाला झेपणार नाही."

मी म्हटलं, "मग नकोच ना ते. सरळ औषध द्या."

"औषध जोरकस आहे, शरीराची प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारं. आणि उद्या हा टीबीच निघाला तर त्या औषधाने तो उसळेल. म्हणून बघायला हवं." मग त्यांनी मार्ग सांगितला. आधी तशीच दिसणारी एक खोटी गोळी गिळायची. तिच्यात कॅमेरा नसतो, आणि अडकली तरी ती काही वेळाने विरघळून जाते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती आख्खी पडलेली दिसली तर वाट मोकळी आहे असं समजायचं. दिसली नाही तर एक्स-रे काढून बघायचं, कुठे आहे. ती आतच राहिली तर खरी गोळी द्यायची नाही, दुसरा उपाय शोधायचा.

"रिहर्सल," भाऊ म्हणाले. बाई हसल्या.

आता पडलेली दिसली तर, हे वाक्य हॉस्पिटलातल्या माणसाला सोपं असतं. भाऊंच्या चाळीत सगळ्यांना मिळून संडास, बाहेर बादल्यांची रांग, आत जरा वेळ झाला की दारावर थाप. त्यात पाणी ओतलं की सगळं गेलं. कोण काय बघणार? त्याचं उत्तर एक्स-रे होतं, आणि एक्स-रेच्या दिवशी बोरिवलीला लग्न होतं. नवरीच्या आईचं लग्नही भाऊंनीच शूट केलं होतं, त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी. ती बाई स्वतः येऊन म्हणाली होती, भाऊ, माझ्या मुलीचंही तुम्हीच. मी म्हटलं, मी करते, तुम्ही हॉस्पिटलात जा. नाही म्हणाले. संध्याकाळी हॉलवरूनच त्यांनी डॉक्टरबाईंना फोन लावला, मी शेजारी वायर गुंडाळत होते.

"हो डॉक्टर, पडली. आख्खी होती."

"तुम्ही स्वतः बघितली?"

"बघितली."

भाऊ बघितलं म्हणाले म्हणजे बघितलं. खुर्च्या आवरण्याचं शूटिंगसुद्धा न पळवता बघणारा माणूस तो. माझ्या मनाला शंका शिवली नाही.

खऱ्या गोळीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होते. उपाशी होते, आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध पिऊन गळून गेले होते. कंबरेला पट्टा बांधला, खांद्याला मशीनची पिशवी अडकवली. "जन्मभर लोकांचा रेकॉर्डिंग मी केलंय, आज माझा होतला," म्हणाले. सिस्टरने डबीतून गोळी काढून त्यांच्या तळव्यावर ठेवली. एका टोकाला दिवा लुकलुकत होता.

भाऊ ती गिळेचनात. चिमटीत धरली, डोळ्यांसमोर नेली, लांब केली, हात जरा वर केला, मान तिरकी केली, खोलीभर फिरवली, पुन्हा समोर आणली. मी कोपऱ्यात पर्स घेऊन उभी होते. मला वाटलं, घाबरले.

"काका, गिळा ना. चालू झालीय ती," सिस्टर म्हणाली.

"थांबा जरा," भाऊ म्हणाले. मग पाण्याचा घोट घेतला आणि गिळली.

काही दिवसांनी बाईंनी बोलावलं. आक्काही आल्या होत्या. बाईंनी मधलाच भाग लावून दाखवला. गुलाबी, ओली भिंत, आणि तिच्यावर पांढुरक्या जखमा, कडा लाल. थोडी चांगली जागा, पुन्हा जखमा, पुन्हा चांगली जागा. "हे क्रोन्सचं चित्र आहे," बाई म्हणाल्या. "आता मला बरीच खात्री आहे."

भाऊंचा चेहरा मी विसरणार नाही. आजार कळल्यावर इतका सुखावलेला माणूस मी दुसरा बघितला नाही. ते आक्कांकडे वळले. "बघितलंस? मनाचा नाय ता." आक्कांनी पदर तोंडाला लावला.

मग बाईंनी पुढे नेलं. एका ठिकाणी वाट निमुळती होत गेली, बारीक भोकाएवढी राहिली, आणि त्यापुढे चित्र बदलेना. तीच भिंत, तीच जखम, बॅटरी संपेपर्यंत. बाईंनी हात थांबवला. "भाऊ, ती खोटी गोळी तुम्ही नक्की आख्खी बघितली होती ना?"

भाऊ पडद्याकडेच बघत होते. "होय."

एक्स-रे काढला, गोळी पोटातच होती. बाईंनी सूज उतरवायचं औषध सुरू केलं. म्हणाल्या, सूज कमी झाली तर सुटेल, कित्येकांची उशिरा सुटते, आत नुसती पडून राहिली तर लगेच धोका नाही. उलटी झाली, पोट फुगलं, तर तसेच इकडे या. वाट बघण्यापलीकडे आमच्या हातात काही नव्हतं.

भाऊंनी त्या फिल्मची कॉपी मागून घेतली होती. एका सकाळी मी स्टुडिओत आले तर ते माझ्या कॉम्प्युटरवर ती लावून बसलेले, थर्मास शेजारी. पडद्यावर पोटातलं काहीतरी हलत होतं. मी दारातच थांबले.

"ये, बस. सुरवात चुकली तुझी. पयल्यापासून लावू?"

"नको भाऊ. माझ्याच्याने नाही बघवत."

"बरा. कधीतरी बघ. पयल्यापासून." आणि ते एकटेच बघत बसले, न पळवता, त्या थांबलेल्या भिंतीपर्यंत आणि त्यानंतरची तीच ती भिंतसुद्धा, शेवटपर्यंत. मी खाली जाऊन चहाच्या टपरीवर उभी राहिले.

औषधाने सुरुवातीला बरं वाटलं. मग एका दुपारी स्टुडिओतच त्यांना उलट्या सुरू झाल्या, पोट टणक झालं, हात लावू देईनात. खालच्या छापखान्यातल्या माणसांनी उचलून रिक्षात घातलं. मुलुंडला पोचलो तोपर्यंत बाई तयारीत होत्या. आतडं पूर्ण बंद झालं होतं, ऑपरेशन लगेच करायचं होतं. नेण्याआधी भाऊंनी माझा हात धरला.

"ती पयली गोळी. मी बघूकच नाय गो."

मला कळेचना. "काय?"

"बघितलंच नाही. त्या दिवशी दुखलं नाही, म्हणून म्हटलं, पडली असात. एक्स-रे काढलो असतो आणि आत दिसली असती तर हेंनी शूटिंग केला नसता."

"भाऊ, तुम्ही? मला खुर्च्या आवरताना बघायला लावलंत, आणि हे न बघता बघितलं म्हणालात?"

"माका पुरावो होयो होतो," ते म्हणाले. "सगळे खोटो समजत होते गो माका."

मी तिथे त्यांच्यावर ओरडले. स्ट्रेचरवरच्या माणसावर. वॉर्डबॉय बघत राहिला. ते म्हणाले, "होय गो बाय, तुझाच बरोबर आसा," आणि त्यांना आत नेलं.

आकसलेला तुकडा काढला, त्याच्यात गोळी होती. तुकडा तपासला, क्रोन्सच निघाला. गोळी जिथे अडकली तिथेच सगळ्यात वाईट जागा होती, तिने ती बरोबर दाखवली, असं बाई म्हणाल्या. ऑपरेशन बहुधा कधीतरी लागलंच असतं, असंही म्हणाल्या. पण आधी खाऊपिऊ घालून, ताकद भरून, ठरवून करता आलं असतं. अंगात काही नसलेल्या माणसाचं घाईत करावं लागलं. शिवण धरली नाही, पोटात विष पसरलं, आणि काही दिवसांनी भाऊ गेले. बाई स्वतः बाहेर येऊन आक्कांजवळ बाकावर बसून राहिल्या. मला त्यांचा राग नाही. माझा राग कोणावर आहे ते मी आधीच सांगितलं.

पाचव्या-सहाव्या दिवशी आक्का जिना चढून स्टुडिओत आल्या. त्याच मोडक्या खुर्चीत बसल्या, दम खाल्ला आणि म्हणाल्या, "गो, भावाचो फोटो होयो. हार घालूक."

आधार कार्डावरचा होता, पण तो चोरासारखा. मी म्हटलं, बसा, काढते. जुन्या हार्डडिस्क लावल्या. आरशातलं कोपर सापडलं. एका वरातीत सावली सापडली, खांद्यावर कॅमेरा असलेली. मामांच्या हॉलमध्ये ते पानावर बसले तेव्हा कॅमेरा माझ्या हातात होता, पण बंद. इतक्या घरांतल्या भिंतींवर माणसं लावणाऱ्या या माणसाचा, त्याच्या स्वतःच्या स्टुडिओत, एक फोटो नव्हता. मला इतका संताप आला की मी माऊस आपटला. आक्का घाबरून माझ्याकडे बघायला लागल्या.

मग आठवलं. सुरवात चुकली तुझी.

ती फिल्म मी पहिल्यापासून लावली. आधी नुसता पांढरा उजेड, मग डबीची कड. सिस्टरचा हातमोजा. छताचा पंखा. कोपऱ्यात पर्स छातीशी धरून उभी असलेली मी, चेहरा रडवेला. मग भाऊंचा तळवा, त्यावरच्या रेषा. मग लांबून भाऊ. मान तिरकी केलेले, उजेड नीट तोंडावर घेतलेला. ते घाबरले नव्हते. फ्रेम लावत होते.

आणि ते सरळ कॅमेऱ्यात बघत होते. डोळे मोठे, शांत, ओठांच्या कोपऱ्यात जरासं हसू. पुढच्याच चित्रात उघडलेलं तोंड होतं, दात होते आणि मग काळोख. मी मागे आले आणि त्या चेहऱ्यावर थांबले. त्यांनी सांगितलेलं सगळं तपासलं. डोळे उघडे होते. तोंडात घास नव्हता. तिसरा नियम त्यांनी मोडला होता, आणि चेहरा जराही खोटा दिसत नव्हता. मी रडत होते की काय मला माहीत नाही, पण आक्का उठून माझ्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

फोटो फार मोठा करता आला नाही, चित्र फुटत होतं. वहीच्या पानाएवढाच केला. नाक जरा मोठं आलंय, जवळून घेतल्यामुळे. आक्कांनी तो मांडीवर घेतला, पदराने काच पुसली, आणि बऱ्याच वेळाने विचारलं,

"कोणी काढलो गो ह्यो?"

"त्यांनीच," मी म्हटलं.